असं कुणी बोलतं का?

गेल्या पावसाळ्यात शास्त्री रोडवरच्या एका अमृततुल्यात चहाला थांबले होते. पडतोय म्हणावं तर छत्री उघडायची लाज वाटावी, आणि नाही म्हणावं तर पाच मिनिटांत ओढणी ओलीचिंब, असा आपला नेहमीचा पुणेरी जुलै. आत बाकड्यावर जागा नव्हती, म्हणून बाहेर पत्र्याखालीच उभी राहिले. मालक पितळी पातेल्यातला चहा ओगराळ्यानं उंचावरून पुन्हा पातेल्यात सोडत होता, ठेचलेल्या आल्याचा वास रस्त्यापर्यंत येत होता आणि माझ्या शेजारी दोन मुलं एकमेकांची उजळणी घेत होती. पाठीला सॅक, पायात स्लीपर, हातात स्पायरल मारलेला झेरॉक्सचा गठ्ठा, त्याचे कोपरे चहानं पिवळे पडलेले. समोरच्या बोळातल्या स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिकेतून घटकाभर बाहेर आलेली असणार. 'टू कीप द वुल्फ फ्रॉम द डोअर?' 'उपासमार टाळणे.' 'अ फेदर इन वन्स कॅप?' 'मानाचा तुरा.' 'व्हाइट एलिफंट?' 'पांढरा हत्ती.' 'अरे ते नुसतं मराठी केलंस, अर्थ सांग की.' 'अर्थच आहे तो. हितं तसंच छापलंय.'

मला हसू आलं आणि ते त्यातल्या एकानं पाहिलं. "मॅडम, इंग्लिशच्या टीचर आहे का तुम्ही?" म्हटलं, नाही रे बाबा, नोकरी करते, पण दिवसभर इंग्लंडच्या लोकांशीच फोनवर बोलायचं काम आहे. तसा तो सरळ माझ्याकडे वळला. बोलण्यावरून सांगली-जतकडचा वाटला. "मग एक सांगा. हे असलं खरंच कोण बोलतंय का तिकडं?" मी काही बोलणार तेवढ्यात दुसऱ्यानं त्याची सॅक ओढली. "चल ए. आयोगाला काय करायचंय कोण बोलतंय का नाही? पीवायक्यूला, मागच्या पेपरांत, चार वेळा आलाय लांडगा." पैसे ठेवून दोघं गेलेसुद्धा.

त्याचा प्रश्न मात्र माझ्याकडेच राहिला.

आमच्या शाळेत इंग्रजी पाचवीपासून. व्याकरणाच्या वहीत इडियम्सचं पान वेगळं असायचं आणि त्यावर पट्टीनं आखलेले तीन रकाने: वाक्प्रचार, अर्थ, वाक्यात उपयोग. तिसऱ्या रकान्यातली सगळी वाक्यं एकट्या रामवर बेतलेली. रामनंच मध्यरात्रीचं तेल जाळायचं आणि रामनंच मगरीचे अश्रू ढाळायचे. पावसावर निबंध आला की अख्खा वर्ग एकमुखानं लिहायचा, इट वॉज रेनिंग कॅट्स अँड डॉग्स. बाई त्या वाक्याखाली लाल रेघ मारून 'गुड' लिहीत, म्हणजे प्रत्येकाच्याच वहीत 'गुड'. मला मात्र ते वाक्य लिहिताना आमचा नारायण पेठेतला वाडा दिसायचा. कौलांवर धपाधप पडणारी मांजरं, चौकात कोसळणारी कुत्री, आणि वरच्या मजल्यावरून ओरडणारी आई, "आधी वाळवण आत घ्या!" असं का म्हणतात हे बाईंनी कधी सांगितलं नाही. आता कळतं, त्या सांगणार तरी काय होत्या? खुद्द इंग्रजांनाही ते नक्की ठाऊक नाही. गवताच्या छपरावर झोपलेली जनावरं पावसात घसरून खाली यायची, ही गोष्ट इंटरनेटवर जागोजागी सापडते, पण ती मागाहून रचलेली आहे. 1738 साली गलिव्हरवाल्या जोनाथन स्विफ्टनं उच्चभ्रूंच्या गुळगुळीत झालेल्या बोलण्याची टर उडवली, तेव्हा त्या टरीतही हे कुत्र्या-मांजरांचं वाक्य होतं. म्हणजे आमच्या बाई ज्याला 'गुड' लिहीत होत्या ते वाक्य तेव्हाच चावून चोथा झालेलं. अर्थात आपण तरी कुठे कुणाला हसायचं? मुसळधार म्हणतो आपण. आभाळातून मुसळं पडायला लागली तर मांजरं पडलेली परवडली.

इतक्या वर्षांच्या नोकरीत एकाही इंग्रजाच्या तोंडून मी ते वाक्य ऐकलेलं नाही. पाऊस हा त्यांचा जिव्हाळ्याचा विषय, प्रत्येक कॉलची पहिली दोन मिनिटं त्यातच जातात. बादल्यांनी ओततोय म्हणतात, वरून कुणी फेकतंय म्हणतात. त्यांच्यातला एक म्हातारा क्लार्क, आता निवृत्त झाला, तो दर पावसाला ठरलेल्या सुरात म्हणायचा, 'नाइस वेदर फॉर डक्स.' बदकांची चैन आहे बुवा! त्याच्या त्या सुरात असा काही सोशिकपणा असायचा, की खिडकीबाहेर खराडीचं रणरणतं ऊन असलं तरी मला आपली ओलसर थंडी वाजायची.

तेव्हा त्या मुलाला सांगायचं तर, बोलतात रे, पण तुझ्या झेरॉक्समधलं फारसं नाही. आणि जे बोलतात, त्याला तुझा दुसरा रकाना पुरत नाही. 'किक द बकेट' म्हणजे मरणे. बरोबरच आहे. पण मराठीत मरणे म्हणजे तरी काय काय? कुणाला देवाज्ञा होते, कुणी वारतं, कुणी नुसतंच 'गेलं' म्हणायचं, कुणी राम म्हणतं, कुणी आटोपतं आणि कुणी गचकतं. यातलं कुठलं कुणाबद्दल म्हणायचं हे आपल्याला कुणी रकाने आखून शिकवलेलं नाही. चाळीत, वाड्यात, सुतकाच्या घरी गेल्यावर मोठ्यांच्या आवाजाची पट्टी ऐकून ते आपोआप भिनलं. बादलीला लाथ मारणं हा वाक्प्रचार 1785 सालच्या लंडनच्या बाजारू बोलीच्या कोशात सापडतो. जन्मच गुत्त्याकडचा. आमच्याकडे एक नवीन मुलगा आला होता, अतिशय हुशार, बारावीला इंग्रजीत भरभरून मार्क. त्यानं आयुर्विम्याच्या एका फायलीत, वारसाला जायच्या पत्राच्या मसुद्यात, विमाधारकानं अमुक तारखेला बादलीला लाथ मारली असं लिहून ठेवलं होतं. विधवा बाईला जाणारं पत्र होतं ते. तिकडच्या साहेबानं एक शब्द न बोलता ओळ बदलली आणि मसुदा परत पाठवला. तो मुलगा दिवसभर जेवला नाही. पण त्याचं चुकलं काय? पुस्तकात 'मरणे' लिहिलंय, त्यानं 'मरणे' वापरलं.

क्रिकेटमधनं आलेलं मात्र आम्हाला फुकट मिळालं. वडील ट्रान्झिस्टर कानाला लावून बसायचे, त्यामुळे मला बॅट धरता येत नसली तरी 'स्टिकी विकेट' म्हणजे काय हे पाठ करावं लागलं नाही. पूर्वी खेळपट्टी झाकत नसत, पावसानंतर ऊन पडलं की ती चिकट व्हायची आणि चेंडू वाट्टेल तसा उसळायचा. 'ऑफ हिज ओन बॅट', 'हिट फॉर सिक्स' हे सगळं पुण्यातली पोरं एका झटक्यात उचलतात. अमेरिकेचं काम यायला लागलं आणि पंचाईत झाली, कारण त्यांचं सगळं बेसबॉलमधलं. बॉलपार्क फिगर, म्हणजे अंदाजे आकडा, द्या, टच बेस करा, स्टेप अप टु द प्लेट. आमच्यातल्या एकानंही तो खेळ कधी पाहिलेला नाही, पण सगळे सर्रास म्हणतात. भाजीवाल्याकडे 'बॉलपार्क किती होतील?' विचारायचं तेवढं बाकी आहे. आणि दोघं एका कॉलवर आले की गंमत. इंग्रज 'टेबल करू या' म्हणाला तर त्याचा अर्थ आत्ता चर्चेला घेऊ या, अमेरिकन तेच म्हणाला तर सध्या बाजूला ठेवू या. दुसऱ्या महायुद्धात दोन्हीकडचे सेनाधिकारी एका कागदावरून यामुळेच बराच वेळ भांडले आणि दोघांचं म्हणणं एकच आहे हे मागाहून उमगलं, असं चर्चिल सांगून गेलेत. आम्ही युद्ध वगैरे करत नाही, पण आमचीही अर्धी दुपार एकदा त्यात गेली आहे. 'डेडलाइन'चं तर विचारूच नका. अमेरिकेच्या यादवी युद्धात, 1864 मध्ये, अँडरसनव्हिलच्या कैद्यांच्या छावणीत एक रेघ आखलेली होती, ती ओलांडली की पहारेकरी गोळी घालत. हे मी एकदा टीमला सांगितलं. आमच्या मॅनेजरला ते फारसं आवडलं नाही.

आता देवळालीचं सांगते.

एका दुपारी सिस्टिम बिघडली आणि एकाच माणसाला एकच पत्र पुन्हा पुन्हा पाठवायला लागली. तिकडच्या टीमची मुख्य बाई, साठीला टेकलेली, आवाज कायम बसलेला, वैतागून म्हणाली, 'इट्स गॉन कम्प्लीटली डूलॅली.' वेड लागलंय हे संदर्भावरून कळलंच, पण शब्द कानाला इतका गोड लागला की मी तो वहीच्या कोपऱ्यात देवनागरीत लिहून ठेवला. रात्री घरी येऊन कोशात पाहिलं आणि हातातली पोळी हातातच राहिली. देवळाली! नाशिकजवळचं आपलं देवळाली. ब्रिटिश फौजेतल्या ज्या सैनिकांची मुदत संपे, त्यांना विलायतेच्या जहाजाची वाट बघत तिथल्या छावणीत ठेवत. जहाजं निघत ती थंडीच्या महिन्यांत, त्यामुळे भलत्या वेळी मुदत संपलेल्याच्या नशिबी महिनोन्‌महिने नुसतं बसणं. काम नाही, ऊन, डास, हिवताप, दारू. माणसं भ्रमिष्टासारखी वागायला लागत, आणि त्याला नाव पडलं 'डूलॅली टॅप'. हा टॅप म्हणजे नळ नव्हे, आपला ताप. पुढे ताप गळून पडला आणि नुसती देवळाली उरली.

माझी मावशी देवळाली कॅम्पात राहते. मे महिन्यात शिवाजीनगरहून नाशिकची एसटी पकडून आम्ही तिच्याकडे जायचो. पुण्याच्या वाड्यातून तिथं गेलं की पहिल्यांदा जाणवायची ती शांतता. जुनी आरोग्यभुवनं, मोठमोठी आवारं, त्यात दुपारी चिटपाखरू नाही. जेवण झालं की मावशी खिडक्यांना वाळ्याचे पडदे सोडून त्यावर पाणी मारायची आणि आम्हा पोरांना फरशीवर सक्तीनं झोपवायची. झोप कुठली यायला? वेळ इतका संथ चालायचा की घड्याळ बंद पडलंय असं वाटून मी दोनदा उठून बघायची. मधूनच लांबवर तोफखान्याच्या सरावाचा धडाडधूम आवाज व्हायचा, खिडकीची तावदानं थरथरायची आणि पुन्हा सगळं गप्प. आता वाटतं, तेच ऊन, तीच लांबच लांब दुपार, आणि घर हजारो मैल दूर. मला तर फक्त चार वाजेपर्यंत कळ काढायची असायची, कारण चारला मावशी पन्हं द्यायची.

दुसऱ्या दिवशीच्या कॉलवर मी त्या बाईला हे सांगितलं. तिला पत्ताच नव्हता. तो तिच्या आजीचा शब्द, काहीतरी बडबडगीतातला असेल असं ती आयुष्यभर समजत आलेली. मी म्हटलं, माझी मावशी राहते तिथं. क्षणभर पलीकडून काही आवाजच नाही. मग अत्यंत सावधपणे प्रश्न आला, 'युअर आंटी लिव्ह्ज इन डूलॅली?' अख्खा कॉल खो खो हसला, मीसुद्धा. हसून झाल्यावर मात्र जरा कसंसंच वाटलं. मावशीनं एकटीनं चार पोरं वाढवली, शिवणकाम करून घर बांधलं. तिच्या गावाचं नाव तिकडे वेडेपणाला चिकटलंय हे तिला काही मी अजून सांगितलेलं नाही. सांगितलं तर ती म्हणेल, गोऱ्यांना ऊन सोसत नाही त्याला गाव काय करणार! पुण्याची गतही तीच आहे म्हणा. इंग्रजी विनोदातला मिशाळ निवृत्त कर्नल तोंड उघडतो तेच 'व्हेन आय वॉज इन पूना' म्हणत. म्हणजे आता हा गृहस्थ तासभर थांबणार नाही, हे ऐकणाऱ्यानं ओळखायचं. तसे काका प्रभात रोडला आजही भेटतात, फक्त ते मागच्या महिन्यात न्यू जर्सीहून आलेले असतात.

वर्तमानपत्रातल्या मराठीत तर इंग्रजी वाक्प्रचार इतके मुरलेत की ते परके आहेत हे सांगावं लागतं. महापालिकेत घोटाळा झाला की ते हिमनगाचं टोक. हिमनग बघितलेला माणूस अख्ख्या पुण्यात किती सापडतील? नेपोलियनच्या पराभवाचा वॉटर्लू मात्र आपण घेतला नाही. 1815 च्या कितीतरी आधी, 1761 लाच, आपलं पानिपत होऊन चुकलं होतं. लालफितीवरून माझे वडील फार चिडायचे. ते पाटबंधारे खात्यात होते. 'लालफितीत अडकली योजना' असा मथळा दिसला की पेपर खाली ठेवून म्हणायचे, "एक तर फीत लाल नसते, गुलाबी असते. आणि ती नसती तर पंख्याखाली सगळी योजना उडून गेली असती." लंडनचे बॅरिस्टर आजही खटल्याचे कागद गुलाबी फितीनंच बांधतात, हे मला फार उशिरा कळलं. कळलं तेव्हा सांगायला वडील नव्हते. आमच्या घरी त्या फितीचे उरलेले तुकडे असायचे. सुती, बोटभर रुंद, टोकाला दोरे सुटलेले. आई त्यांनी रद्दीचे गठ्ठे बांधायची.

एकदा ती डूलॅलीवाली बाई कामासाठी पुण्याला आली, तिला शनिवारवाडा दाखवायला नेलं. गणेश दरवाज्याशी उभं राहून नारायणराव, 1773, गारदी, 'धरावे'चं 'मारावे' हे सगळं सांगितलं. एका अक्षरानं जीव गेला, खरंखोटं आनंदीबाईला ठाऊक, पण आजही कुणी मजकूर बदलला की आम्ही म्हणतो ध चा मा केला. तिनं विचारलं, आता हे कोण आणि कधी म्हणतं? मी म्हटलं, आमच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये, मागच्या सभेचं इतिवृत्त वाचताना, दर वेळी. तिला एकदम पटलं. तिच्याकडे चर्चच्या समितीत असंच चालतं म्हणे. इतिहास तिनं शांतपणे ऐकून घेतला होता. डोळे चमकले ते सोसायटीची मीटिंग म्हटल्यावर. महिन्याभरानं एका मेलमध्ये तिनं लिहिलं, 'सेल्सवाल्यांनी आपल्या कागदात ध-मा केलेलं दिसतंय.' आमच्या टीमनं तो मेल जपून ठेवलाय.

झेरॉक्सवाल्या मुलांबद्दल मला अजून नीटसं ठरवता येत नाही. चीड येते. जत तालुक्यात उद्या पंचनामे करायला कुणी जायचं, हे ठरवताना धुकट बेटांवरचे म्हातारे वाक्प्रचार कशाला विचारायचे? आणि त्याच वेळी वाटतं, लांडग्याचं ते वाक्य त्या पोराला जितकं कळत असेल तितकं माझ्या इंग्रजी ऑफिसात कुणालाच कळत नसेल. इंग्लंडातले लांडगे पाचेकशे वर्षांपूर्वीच संपले. आपल्याकडे सासवडच्या माळावर ते आजही मेंढरं उचलतात. धनगरवाड्याला कान देऊन झोपणारी माणसं त्यानं पाहिली असतील. आणि दाराशी लांडगा येऊ नये म्हणजे काय, हे तर तो रोजच जगतोय: महिनाअखेरीला मेसचा एक डबा दोघांत, चहा कटिंग, घरी फोन केला की 'पैसं हायत, नको पाठवू'. पेपरात त्याला चार पर्यायांपैकी एकाचा गोल काळा करायचाय फक्त.

आमच्या घरात सध्या उलटी गंगा आहे. लेक इंग्रजी माध्यमात, मराठी हा सक्तीचा विषय, आणि तिच्या गाइडात हुबेहूब तेच तीन रकाने. नाकी नऊ येणे: खूप त्रास होणे: रामच्या नाकी नऊ आले. राम अजून सुटलेला नाही! 'तारांबळ उडणे' तिनं दहादा लिहून काढलं. सासूबाईंनी शेजारून ऐकलं आणि मंगलाष्टकातलं 'ताराबलं चंद्रबलं' चालीवर म्हणून दाखवलं. मुहूर्ताची घटका भरत आलेली, मामा मुलीला आणायला गेलेला, अक्षता कुणाकडे आहेत पत्ता नाही, तीच ती तारांबळ असं त्यांचं म्हणणं. खरं असो नसो, लेकीला ती बरोबर कळली. पण बोलायचं म्हटलं तर ती 'स्ट्रेस आलाय' म्हणते. सासूबाईंचं मात्र एकही वाक्य सरळ जात नाही. बँकेच्या केवायसीसाठी हेलपाटे घालून परवा घरी आल्या त्या 'पिट्टा पडला माझा' म्हणतच. त्यात ओटीपी येईना. फोन आपोआप उजळत होता, विझत होता, मध्येच कुणाचा तरी गुड मॉर्निंगचा व्हिडिओ मोठ्यानं वाजायला लागला. लेकीनं मान वर न करता निदान केलं, "आजी, तुझा फोन डूलॅली झालाय." माझ्या कॉल्समधून कानावर पडलेलं, दुसरं काय.

सासूबाईंनी अर्थ विचारला नाही. "झालाय खरा," त्या म्हणाल्या, "डोक्याला ताप नुसता! धर, बंद करून चालू कर बघू."